नापास दूध कोणाच्या ग्लासात?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कोर्टाचे काम आटोपून संध्याकाळी कार्यालयात बसलो होतो. तालुक्यातल्या एका गावाहून आपले एक बांधव आले. "जय भीम वकीलसाहेब," म्हणून समोर बसले आणि खिशातून घडी घातलेली एक पावती काढली. बँकेचे कर्ज काढून त्यांनी दोन गाई घेतल्या आहेत. त्यातल्या एकीला दगडी झाली, कास सुजून कडक झाली. गावात फिरणाऱ्या इंजेक्शनवाल्याने सडात औषधाच्या ट्यूब सोडल्या, तीन दिवस इंजेक्शने दिली, पैसे घेतले आणि तो गेला. पाचव्या दिवशी कास उतरली म्हणून यांनी दूध संकलन केंद्रावर नेले. तिथे दुधाच्या नमुन्यात एक पट्टी बुडवली आणि दहा मिनिटांत कॅन परत दिला. पावतीवर शेरा एकच होता : अँटिबायोटिक.

त्यांचा प्रश्न साधा होता. "साहेब, मी दुधात पाणी घातलं नाही, युरिया घातला नाही. माझा गुन्हा काय?"

मी त्यांना उलट विचारले, परत आलेल्या दुधाचे काय केले? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलवाल्याला दिलं. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

या एका वाक्यात आजच्या लेखाचा सगळा विषय आहे. ज्याच्याकडे पट्टी होती त्याने दूध नाकारले. ज्याच्याकडे पट्टी नव्हती त्याच्या चहात ते गेले. नापास झालेले दूध देशाबाहेर जात नाही, गटारातही जात नाही. ते तपासण्याचे साधन नसलेल्या माणसाच्या पोटात जाते. आणि स्टँडवर सकाळी सहा वाजता चहा कोण पितो, हे या वृत्तपत्राच्या वाचकांना मी सांगण्याची गरज नाही.

प्रथम हा विषय काय आहे ते समजून घेतले पाहिजे. जंतूंना मारणारी किंवा त्यांची वाढ रोखणारी जी औषधे, त्यांना प्रतिजैविके म्हणजेच अँटिबायोटिक म्हणतात. पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, जेन्टामायसिन ही त्यातली काही नावे. ही औषधे माणसाला देतात तशीच गाई-म्हशी, कोंबड्या, मधमाश्या आणि कोळंबीलाही देतात. आजारी जनावराला औषध देण्यात काही गैर नाही. परंतु औषध शरीरातून पूर्ण निघून जायला काही दिवस लागतात. त्या दिवसांत दूध काढले, अंडे घेतले किंवा जनावर कापले, तर औषधाचा अंश खाणाऱ्याच्या ताटात येतो. दूध उकळले की जंतू मरतात, म्हणून आपण निर्धास्त होतो. पण औषधाचा अंश उकळण्याने बहुतांशी जात नाही.

या अंशाने काय होते? ज्याला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे त्याला अंगावर पुरळ उठण्यापासून जिवाला धोका होण्यापर्यंत काहीही होऊ शकते. परंतु त्याहून मोठा धोका आहे तो थोड्या थोड्या औषधाला सरावलेल्या जंतूंचा. जे जंतू मरत नाहीत ते औषध पचवायला शिकतात आणि पुढच्या पिढीला तेच शिकवतात. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच, अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला दाद देईनासे होतील, असा इशारा दिला होता. तो खरा ठरला. जगभरातील संशोधकांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे दगावली. हे सारे अन्नातल्या अंशामुळे झाले असे मी म्हणत नाही. डॉक्टर, रुग्ण, औषध दुकानदार आणि रुग्णालये या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. परंतु गोठा आणि कोंबड्यांची शेड हाही त्यातला एक दरवाजा आहे, आणि तो उघडाच आहे.

आता हा अंश पकडायचा कसा? आपल्या घरातल्या बायांना याची एक खूण पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. दूध चांगले, विरजण चांगले, तरी दही लागत नाही. त्याला अनेक कारणे असतात. दुधातले प्रतिजैविक हे त्यातले एक. विरजणातले जिवाणू त्या औषधाने मरतात, मग दही लागणार कसे? दूध तपासण्याची जुनी आणि आजही चालणारी एक पद्धत याच तत्त्वावर आहे. उष्णता सहन करणाऱ्या एका निरुपद्रवी जिवाणूचे बीजाणू रंगीत माध्यमात ठेवतात, त्यात दूध टाकतात आणि सुमारे ६४ अंश सेल्सिअसला अंदाजे तीन तास तापवतात. जिवाणू वाढला तर जांभळा रंग पिवळा होतो. औषध असेल तर जिवाणू वाढत नाही, रंग जांभळाच राहतो. कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीही बीजाणूंवर आधारित चाचण्या तयार केल्या आहेत. म्हणजे हे ज्ञान परदेशातच आहे असे नाही.

परंतु तीन तास दूध थांबत नाही. म्हणून पुढची पायरी आली, ती बायोसेन्सरची. हा शब्द ऐकून घाबरण्याचे कारण नाही. आपल्या वस्तीत ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या घरी बायोसेन्सर आहेच. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा आणि छोट्या यंत्रावर साखरेचा आकडा वाचायचा, तो ग्लुकोमीटर म्हणजे बायोसेन्सरच. अमेरिकन शास्त्रज्ञ लेलँड क्लार्क यांनी १९६२ साली या तत्त्वाचा पाया घातला. यात दोन भाग असतात. एक भाग सजीवांकडून घेतलेला : एखादे प्रथिन, विकर किंवा प्रतिपिंड, जे हजार पदार्थांतून नेमका एकच पदार्थ ओळखते. दुसरा भाग त्या ओळखीचे रूपांतर विजेच्या, प्रकाशाच्या किंवा रंगाच्या खुणेत करतो. ओळखणारा साक्षीदार आणि त्याची साक्ष नोंदवणारा कारकून, असे आम्ही वकील म्हणू.

संकलन केंद्रावरची पट्टी ही याच कुळातली. दुधात औषध नसेल तर पट्टीवर रेषा स्पष्ट उमटते. औषध असेल तर चाचणीची रेषा फिकी पडते किंवा उमटतच नाही. यापुढचे काम जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठात झाले आहे. तिथल्या संशोधकांनी जंतूंचीच प्रथिने हेर म्हणून वापरली. टेट्रासायक्लिनला दाद न देणाऱ्या जंतूकडे, ते औषध आले की सावध करणारे एक प्रथिन असते. पेनिसिलिन ज्याला जाऊन चिकटते असेही एक प्रथिन असते. ही प्रथिने एका लहानशा चिपमध्ये बसवून, औषधाचे प्रमाण विजेच्या प्रवाहावरून मोजता येते. २०१६ साली या संशोधकांनी मानवी रक्तद्रवात दोन निरनिराळ्या गटांतील प्रतिजैविके एकाच चिपवर मोजून दाखवली, २०१७ साली पेनिसिलिनच्या कुळातील औषधे मोजली. २०२२ साली त्यांनी डुकरांवर प्रयोग करून रक्त, लघवी, लाळ आणि श्वासातल्या बाष्पातूनही हे औषध मोजता येते असे प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेतल्या मोठ्या यंत्राला जे काम करायला तास किंवा दिवस लागतात, ते रुग्णाच्या खाटेशेजारी काही मिनिटांत होऊ शकते, असा या कामाचा अर्थ आहे.

रक्तात औषध मोजण्याची गरज काय, असे कोणी विचारील. गरज आहे, आणि ती गरिबाला अधिक आहे. रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्या रुग्णाला सर्वांना देतात तीच मात्रा दिली, तर एकाच्या रक्तात औषध कमी पडते आणि दुसऱ्याच्या रक्तात जास्त होते. कमी पडले तर जंतू जगतात. जेन्टामायसिन किंवा व्हँकोमायसिनसारखे औषध जास्त झाले तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. जेन्टामायसिनच्या कुळातील औषधांनी कानही जातो. औषधाला न जुमानणाऱ्या क्षयरोगासाठी एकेकाळी कॅनामायसिनची इंजेक्शने महिनोन् महिने देत, त्यात अनेकांची ऐकण्याची शक्ती गेली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ते औषध या उपचारात वापरू नये असे सांगितले.

माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात बांधकामावर काम करणाऱ्या माणसाची मूत्रपिंडे उपचारानंतर निकामी होत गेली. रुग्णालयाचे सगळे कागद मी वाचले. कोणते औषध, किती, केव्हा दिले, हे लिहिले होते. त्याच्या रक्तात ते किती साचले, याची एकही नोंद नव्हती, कारण ते मोजलेच नव्हते. त्यामुळे चूक झाली हे मला सिद्ध करता येईना. आणि चूक झाली नाही हे त्या डॉक्टरांनाही दाखवता येईना. जिथे मोजमाप नाही तिथे न्यायही नाही, हे मी त्या फाईलवरून शिकलो.

आता कायद्याकडे येऊ. कायदा नाही अशी तक्रार करण्यास जागा नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम २१ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की, ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रतिजैविकाचा अंश कोणत्याही अन्नपदार्थात असता कामा नये. पण ही मर्यादा ठरवायला किती वेळ लागला पाहा. २०११ च्या नियमांत प्रतिजैविकांच्या मर्यादा होत्या त्या मासळी आणि कोळंबीसाठी. दूध, मांस आणि अंडी यांच्यासाठीची सविस्तर यादी आली २०१८ मध्ये आणि लागू झाली १ जानेवारी २०१९ पासून. २०२४ च्या दुरुस्तीने नियम आणखी कडक झाले, ते १ एप्रिल २०२५ पासून अमलात आले. कोळंबी आधी आणि दूध नंतर, असे का? कारण कोळंबी परदेशी जाते. तिथला ग्राहक तपासतो आणि माल परत पाठवतो. मधाचेही तेच झाले. २०१० साली युरोपीय संघाने भारतीय मधाची आयात थांबवली, त्याच्या कारणांत प्रतिजैविकांचे अंश हे एक होते. त्याच वर्षी दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाजारातील मधाचे १२ नमुने तपासले. त्यातल्या ११ मध्ये प्रतिजैविके सापडली. निर्यातीच्या मधाला तेव्हा तपासणी होती. आपल्या मुलांना खोकल्यावर चाटवायच्या मधाला प्रतिजैविकांची मर्यादाच नव्हती. याच संस्थेने २०१४ साली दिल्ली परिसरातील कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मिळाले.

दुधाचे चित्र इतके वाईट नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले. त्यातील ७७ नमुन्यांत प्रतिजैविके मर्यादेपेक्षा जास्त निघाली, त्यात महाराष्ट्रातील ९ होते. शंभरात एक-सव्वा. आकडा लहान आहे म्हणून कोणी हात झटकतील. पण आकडा लहान आहे याचा अर्थ हा प्रश्न सुटण्यासारखा आहे, असा मी घेतो. शिवाय एकदा सर्वेक्षण करणे वेगळे आणि रोज सकाळी दूध तपासणे वेगळे.

माझ्या समोर बसलेल्या बांधवाला लागू होणारा नियमही आहे. औषधांसंबंधीच्या नियमांत जानेवारी २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. जनावरांच्या औषधाच्या वेष्टनावर, औषध दिल्यानंतर किती दिवस दूध, अंडी किंवा मांस वापरू नये, हे छापणे बंधनकारक झाले. त्या औषधासाठी वेगळी मुदत ठरलेली नसेल तर दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस, आणि मांसासाठी किमान २८ दिवस. नियम चांगला आहे. पण ती ट्यूब इंजेक्शनवाल्याच्या पिशवीतून आली आणि तिचे खोके त्याच्याच पिशवीत परत गेले. ते हाती लागले असते तरी त्यावरची बारीक इंग्रजी अक्षरे सातवी शिकलेल्या माणसाने कशी वाचावीत? त्याला कोणी 'सात दिवस थांब' असे तोंडी जरी सांगितले असते, तरी तो थांबला असता काय? खरे सांगायचे तर मला खात्री नाही. सात दिवसांचे दूध म्हणजे त्याचा कर्जाचा हप्ता आहे.

म्हणूनच बायोसेन्सर आला की प्रश्न सुटला, अशा भ्रमात आपण राहू नये. यंत्र कोणाच्या हातात आहे यावर ते कोणाचे रक्षण करील हे ठरते. आज पट्टी आहे ती मोठ्या दूध संघांकडे आणि खासगी डेअऱ्यांकडे. ती त्यांच्या मालाचे रक्षण करते, कारण औषधाचे दूध टाकीत मिसळले की दही, चीज बनत नाही आणि मोठे नुकसान होते. ते त्यांच्या जागी योग्यच आहे. पण सुट्या दुधाचे, हॉटेलच्या चहाचे, आश्रमशाळेच्या आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचे रक्षण कोण करणार?

दुसरा धोका उलट बाजूचा आहे. उद्या अधिकाऱ्याच्या हातात पट्टी आली आणि तिच्या एका फिक्या रेषेवर दोन गाईंच्या मालकावर खटले सुरू झाले, तर तो अन्याय होईल. पट्टी ज्या गटासाठी बनवली असेल तोच गट ओळखते, बाकीची औषधे तिला दिसत नाहीत. कधी ती चुकतेही. पट्टी संशय दाखवते, शिक्षेला पुरेल असा पुरावा देत नाही. कायद्याने नमुना चार भागांत विभागायचा असतो, अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि त्यावर अपील करता येते. हे संरक्षण पट्टीच्या नावाखाली काढून घेता येणार नाही.

तेव्हा मागण्या काय असाव्यात, ते स्पष्ट मांडतो. एक, प्रत्येक संकलन केंद्रावर आणि अन्न सुरक्षेच्या फिरत्या तपासणी गाड्यांत प्रतिजैविकाची पट्टी शासनाच्या खर्चाने असावी, आणि सुटे दूधही तपासले जावे. दोन, नापास दूध परत न देता तिथेच नष्ट करावे. मात्र पहिल्या वेळी लहान उत्पादकाला त्या दुधाची भरपाई द्यावी, कारण भरपाई नसेल तर तो दूध लपवणार आणि ते पुन्हा हॉटेलातच जाणार. तीन, उपचार करणाऱ्याने जनावराच्या कार्डावर औषधाचे नाव आणि दूध थांबवण्याची तारीख मराठीत लिहून सही करावी. जबाबदारी औषध देणाऱ्यापासून सुरू झाली पाहिजे. चार, अंगणवाडी, आश्रमशाळा, शासकीय वसतिगृहे आणि रुग्णालयांना जे दूध, अंडी, कोंबडी पुरवली जाते, त्याच्या निविदेतच या तपासणीची अट असावी आणि निकाल फलकावर लावावा. पाच, जिल्हा रुग्णालयांत धोकादायक प्रतिजैविकांचे रक्तातील प्रमाण मोजण्याची सोय करावी, आणि स्वस्त बायोसेन्सर देशात बनावेत यासाठी सरकारी संशोधन संस्थांना पैसा द्यावा.

हे सरकारने उपकार म्हणून करायचे नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानाच्या अनुच्छेद ४७ प्रमाणे जनतेचे पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली अनुच्छेद २१ आणि ४७ एकत्र वाचून सुरक्षित अन्नाचा संबंध थेट जगण्याच्या हक्काशी जोडला. २०१६ साली स्वामी अच्युतानंद तीर्थ यांच्या याचिकेत दूधभेसळ रोखण्याबाबत राज्यांना निर्देशही दिले. हक्क लिहिलेला आहे. तो मोजायचे साधन मात्र हक्कदाराकडे नाही.

तोपर्यंत आपण काय करू शकतो? कलम ४० वाचा. त्यानुसार कोणताही साधा ग्राहक, विकत घेताना विक्रेत्याला तसे सांगून आणि ठरलेली फी भरून, अन्नपदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. नमुना नियमात बसत नाही असा अहवाल आला तर फी परत मिळते. हे कलम वापरणारा माणूस मी माझ्या वकिलीत क्वचितच पाहिला. एका माणसाला फी परवडणार नाही, पण वस्तीतल्या महिला मंडळाला किंवा तरुण मंडळाला वर्षातून एकदा वर्गणीतून ती भरता येईल. वसतिगृहाच्या दुधाचा एक नमुना, चौकातल्या कोंबडीच्या दुकानाचा एक नमुना. निकाल काहीही आला तरी कोणीतरी बघते आहे, हे विक्रेत्याला आणि अधिकाऱ्याला कळेल.

ते बांधव महिन्याभरापूर्वी पुन्हा भेटले. त्यांनी आता गोठ्याच्या भिंतीवर खडूने तारखा लिहायला सुरुवात केली आहे. इंजेक्शन दिले त्या दिवसाची एक रेघ, आणि पुढे सात रेघा. गाय पुन्हा एकदा आजारी पडली, तेव्हा त्यांनी सात दिवसांचे दूध खड्ड्यात ओतले. बायको रडली, असे ते म्हणाले. केंद्रावर आणि पंचायतीत त्यांनी भरपाईचे विचारले, तेव्हा तशी काही योजना नाही असे उत्तर मिळाले.

एका गरीब माणसाने स्टँडवरच्या अनोळखी माणसांसाठी आपला हप्ता खड्ड्यात ओतला. त्याचा भार त्याच्या एकट्यावर का? येत्या ग्रामसभेत, वॉर्डाच्या बैठकीत आणि आपल्या आमदारांसमोर हा एकच प्रश्न विचारा, आणि उत्तर लेखी मागा.